बाईंचा नमुना कागद

आमच्या घरी किस्से शोधावे लागत नाहीत, ते स्वतः चालत येतात. पाहुणा चप्पल काढायच्या आधीच सुरू, "बाईंनी आमच्या गावात काय केलं, माहीत हाय का?" बाई म्हणजे माझ्या सासूबाई. नांदेडात राहून उभा जन्म बायकांच्या जमिनीसाठी भांडल्या. आता ऐंशीच्या आहेत. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे.

मला बघायला रेणापूरला आल्या, तेव्हा पोहे बाजूला सारून म्हणाल्या, "सातबारा दाखवा." बाबांचा चेहराच उतरला. हुंड्यात जमीन मागायल्यात, असं वाटलं त्यांना. बाईंनी चष्मा लावून उतारा वाचला आणि विचारलं, "पोरीच्या आईचं नाव कुठाय?" ते लागलं, मगच लग्नाची तारीख धरली.

एकदा एक पत्रकार मुलगी आली. तिनं मामंजींना विचारलं, "चळवळीत तुमचं योगदान काय?" मामंजी परातीतून मान वर न करता म्हणाले, "दोन वेळच्या भाकरी. मोर्चा असला की शंभर. करपलेल्या लिहू नका."

पण बाईंची खरी करामत म्हणजे नमुना कागद. आमच्याकडं बाप गेला की भाऊ बहिणीला हक्कसोडीच्या सहीला नेतो. ती वाटा सोडते, तो साडी घेतो, माहेर टिकतं. बाई तहसीलच्या पायरीवर बसून असायच्या. भावापुढं कागद धरायच्या, "आधी तू तुझा वाटा हिला सोडून बघ. नुसता नमुना, मग फाडून टाकू." बहीण बघत असायची.

अर्धापूरचा एक केळीवाला म्हणाला, "पेन न्हाई." बाईंनी पिशवीतून चार पेनं काढली. "चष्मा न्हाई." बाईंनी स्वतःचा दिला. तो चष्मा घालूनच पळाला! महिन्यानं चष्मा परत आला, तो बहिणीच्या हातून. सोबत तिचं नाव चढलेला सातबारा होता.

हे सगळं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये लई रंगवून सांगते. पण माझी स्वतःची सही? आईबाबा गेल्यापासून धाकट्या भावाचा, राजूचा, फोन यायचा, "आक्का, सहीला कधी येतीस?" मी "येते" म्हणायचे. जमीन नको होती असं नाही. राजू तुटेल, याची भीती वाटायची. आणि बाईंना सांगायची तर छातीच होत नव्हती.

या भाऊबीजेला तोच आला, साडी आणि हक्कसोडीचा कागद घेऊन. ओवाळून झालं. बाईंनी कागद बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी पिशवीतून नमुना काढून राजूपुढं ठेवला.

राजूनं पेन घेतलं. दोनदा वाचलं. मग अगदी मनापासून विचारलं, "बाई, समदं आक्काचं झाल्यावर मी कुठं जाऊ?"

"इथं ये की," बाई म्हणाल्या. "वर्षातून एकदा. जेव, शर्टपीस घे, अन् जा."

कुणी हसलं नाही. राजूनं स्वतः आणलेला कागद बिनसहीचाच घडी करून खिशात घातला. जेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"आक्का, तुझ्या तुकड्यात हरभरा टाकू का करडई?"