कचेरीतलं स्थळ

नोकरीची शेवटची वर्षं मी कळमनुरीच्या एका कचेरीत काढली. त्या दुपारी आता आठवल्या की अर्ध्या खऱ्या, अर्ध्या डुलकीत बघितल्यासारख्या वाटतात. पिवळं ऊन, खिडकीतून येणारा वाळत्या हळदीचा वास, वीज गेली की हळूहळू दमत थांबणारा पंखा. आणि त्या पंख्याखाली मी, टेबलाच्या खणात लग्नाळू पोरींचे फोटो बाळगणारी. अख्ख्या तालुक्याची लग्नं आपल्यावाचून अडलीत असा माझा समज होता. पन्नाशी ओलांडली होती, अक्कल मात्र वाटेतच कुठंतरी उतरून गेली होती.

शेजारच्या टेबलावरचा कारकून पस्तिशीचा, देखणा, अजून बिनलग्नाचा. त्याला मी सात पोरी दाखवल्या. तो दर वेळी नवं कारण शोधायचा आणि मी नवा फोटो.

आठवा काढला तेव्हा वीज गेलेली, बाकीचे चहाला गेलेले. त्यानं फोटो पालथा ठेवला.

"ताई, पोरी बघू नका. माझं प्रेम हाय एका माणसावर. बाळापूरचा हाय तो. सहा वर्षं झाली, सोबतच राहून राहिलो आमी."

मी हुज्जत न घालता फोटो खणात ठेवला. जन्मात पहिल्यांदाच. मग सवयीनं तोंडातून निघालं, "घरचं कोण कोण हाय त्याच्या? शेती किती?"

तो हसला, हसता हसता डोळे पुसू लागला. मग हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नका. इथं बसणं मुश्कील होईल माझं."

आणि हे कुणाला सांगितलं, तर कचेरीतल्या सगळ्यांत गळक्या मडक्याला, म्हणजे मला! पंधरा दिवस ते पोटात ठेवलं. खरंच पोट दुखलं.

एका दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना साहेबांनी विचारलं, "काय ताई, जमलं का न्हाई याचं?"

त्याचा घास हातातच राहिला.

"मी स्थळं बघणं सोडलं, साहेब."

"काहून?"

"मला त्यातलं काही कळत न्हाई."

सगळे मला हसले. तो सुटला, असं मला वाटलं. पण त्यानं डब्यातलं भरलं वांगं मधोमध सरकवलं. "खाऊन बघा. मी ज्याच्यासंगं राहतो, त्यानं केलंय."

"दोस्त व्हय?" साहेब.

"न्हाई साहेब. नवरा-बायको राहतात, तसे राहतो आमी."

एक बाई डबा उचलून खिडकीपाशी गेल्या. पुढं कित्येक महिने त्या तिथंच जेवल्या. साहेब बंद पंख्याकडं बघत बसले. मी वांगं उचललं.

"मीठ कमी हाय," मी म्हटलं. "सांग त्याला."

"तुमीच सांगा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रविवारी या घरी जेवायला."