बरोबरची खूण

फेब्रुवारीतला पहिला सोमवार, सकाळचे साडेदहा. ठिकाण: गंगापूर रोडवरचं आमचं द्राक्ष निर्यातीचं ऑफिस. हजर: मी, परदेशी पत्रव्यवहार बघणारी वैशाली, कंटेनरचं बघणारे देशमाने आणि सर. गैरहजर: कुणी नाही. अशी नोंद मी रोज करते, म्हणून तो दिवस सापडला.

सरांनी लाल पेन्सिल टेबलावर दोनदा आपटली.

“वैशालीताई, क्रियापदापाशी थांबा.”

तुमच्याही शाळेत इंग्रजीचे असे एक सर असतील. तुमचे शाळेतच राहिले, आमचे निवृत्त होऊन ऑफिसात आले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आमच्या मालकांना एकदा एका पत्रामुळे परदेशी गिऱ्हाइकासमोर मान खाली घालावी लागली होती, तेव्हापासून नियम झाला. बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर, ईमेलसुद्धा, छापून डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवायचा. सर क्रियापदाभोवती लाल वर्तुळ काढणार. बरोबर काय ते लिहिणार नाहीत. आपण जाऊन विचारायचं. मग हिरव्या पेनाने बरोबरची खूण. खूण नाही तर पत्र जात नाही.

ऐन हंगामात माल बंदरावर उभा आणि पत्र ट्रेमध्ये पडलेलं. देशमाने येरझाऱ्या घालत म्हणायचे, “सर, द्राक्षं नाशवंत आहेत, व्याकरण नाही.”

“दोन्ही नाशवंत, देशमाने. दोन्ही.”

‘उत्तर कळवतो’ ह्या अर्थी लिहिलेल्या ‘रिव्हर्ट’वर त्यांचा विशेष राग. “रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. गिऱ्हाइकाला तुम्ही पूर्वस्थितीला जाऊन दाखवणार आहात का?”

“सर, हल्ली सगळे असंच लिहितात,” वैशाली म्हणायची.

“सगळे सिग्नलही तोडतात.”

मराठीच्या बाबतीत मात्र हा माणूस वेगळाच. चहावाल्या मावशी “लय गरम हाय, जपून” म्हणाल्या की सर खुलायचे. सटाण्याकडचा एक ड्रायव्हर ‘आहे’ला ‘शे’ म्हणायचा, तर त्याला खुर्ची देऊन बोलतं करायचे. “ती बोली आहे. तिला चूक म्हणणारे आपण कोण?”

तर त्या सोमवारी वैशालीने लिहिलं होतं की आम्ही तुमच्या ऑफिसला नमुन्याची पेटी ‘गिफ्टेड’.

“गिफ्ट हे नाम आहे,” सर म्हणाले. “मराठीत ‘भेटवली’ म्हणाल का?”

वैशाली सहसा उलट बोलत नाही. त्या दिवशी तिने मोबाइल पुढे केला. “सर, शब्दकोशात क्रियापद म्हणूनही दिलंय. जुनं आहे, शेकडो वर्षांचं.”

“मोबाइलवर काहीही असतं.”

बुधवारी सर आले ते बसलेच नाहीत. कापडी पुठ्ठ्याचा जाडजूड कोश त्यांनी माझ्या टेबलावर उघडून ठेवला. “ह्यातही आहे.”

मला तीन कंटेनरची कागदपत्रं उरकायची होती. मी म्हटलं, “मग झालं की सर. भाषा बदलते.”

“बदलली असती तर मी सुटलो असतो, मॅडम. हा कोश नोकरीला लागलो तेव्हाचा आहे. मी कधी उघडून पाहिलंच नाही. माझ्या सरांनी चूक म्हणून सांगितलं, मी पुढे सांगत राहिलो.”

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, उभ्याउभ्याच. दहावीच्या वर्गात वसतिगृहात राहणारी एक मुलगी होती, सटाण्याजवळच्या खेड्यातली. शाळेतर्फे स्पर्धेला तिचाच निबंध जाणार होता. पहिल्याच ओळीत मामाने तिला सायकल ‘गिफ्टेड’. सरांनी वर्तुळ काढलं. ती उभी राहून म्हणाली, “पण सर, मामाने नुसती दिली नाही. हार घालून आणली होती.” सरांनी तिची नक्कल केली. वर्ग हसला. निबंध दुसऱ्या मुलीचा गेला. त्यानंतर इंग्रजीच्या तासाला तिचा हात कधी वर आला नाही.

“तुम्ही याद्या करता,” सर म्हणाले. “हिला शोधा. तिची चूक नव्हती, एवढं मला तिला सांगायचंय.”

मी लिहून घेतलं. सतरावं काम. वरची सोळा हंगामाची होती.

सर आले की पेन्सिल न आपटता आधी माझ्याकडे यायचे. “यादीत आहे ना?”

“आहे सर.”

पत्रं तपासताना त्यांचा हात अडायला लागला. वर्तुळ काढायचे, कोश उघडायचे, वर्तुळ खोडायचे. देशमान्यांचा माल आणखीच रखडला. ते कुरकुरले, पण सरांना ऐकू जाणार नाही असं.

चार आठवडे मी ते काम पुढे ढकललं. हातात घेतलं तेव्हा दोन दिवसांत झालं. शाळेचा जुना हजेरीपट, वसतिगृहातली एक मैत्रीण, तिच्याकडून नंबर. बाई लासलगावला कांद्याच्या व्यापारात. सरांना समोर बसवून मी फोन स्पीकरवर लावला. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

“कोण सर? लाल पेन्सिलवाले? हायेत अजून?” आणि मोठ्ठं हसू.

मी थोडक्यात कारण सांगितलं.

“सर, ऐकताय ना? माझं ‘शे’ तुम्हाला गोड लागायचं. चारचौघांत बोलून दाखव म्हणायचे. मग माझ्या ‘गिफ्टेड’नेच काय घोडं मारलं होतं? आता बोला की!”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फोन पुढे सरकवला. त्यांनी मान हलवली. “फोनवर नाही. वर्तुळ कागदावर काढलं होतं, कागदावरच पुसणार. पत्र पाठवतो.”

“पाठवा. इंग्रजीत पाठवा, मला वाचता येतं. लिलाव सुरू झाला, ठेवते.”

शुक्रवारी सरांनी हाताने लिहिलेलं एक पान स्वतः डाव्या ट्रेमध्ये ठेवलं आणि हिरवं पेन वैशालीच्या टेबलावर.

“सर, मी तपासू? तुमचं?”

“तुम्हीच. कोश तुम्ही मला उघडायला लावलात. माझं मी तपासणार नाही.”

वैशाली लाल झाली. म्हणाली, “सोमवारी करते, सर. नीट बसून.” मी ऐकलं. ‘आत्ताच कर’ म्हणायला हवं होतं. माझं लक्ष शेवटच्या कंटेनरकडे होतं.

सोमवार. हजर: मी, वैशाली, देशमाने. गैरहजर: सर. अकराला त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. पहाटे झोपेतच गेले.

ह्याला आता तीन महिने झाले. ट्रे तिथेच आहे. मालकांनी नियम काढून टाकला. ईमेल आता थेट जातात, ‘रिव्हर्ट’सकट, आणि कुणाचं काही अडत नाही. देशमाने मात्र अजून पत्र छापून ट्रेपर्यंत येतात आणि तसेच माघारी फिरतात. सर गेल्याचं कळवल्यावरही लासलगावहून दोनदा फोन आला. “बाई, पत्र नाही आलं अजून.” मी म्हटलं, तपासायचं राहिलंय. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, “तपासलं नसलं तरी चालेल.” पण तसं पाठवायला माझं मन होत नाही.

आज सकाळी वैशालीने पान ट्रेमधून काढलं, हिरव्या पेनाचं टोपण उघडलं, वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या क्रियापदापाशी थांबली. मग पान परत ठेवलं.

आजच्या यादीतलं पहिलं काम: लासलगावचं पत्र. पुढची बरोबरच्या खुणेची चौकट रिकामी.