अंकिताचा मॉन्स्टेरा

अंकिता चिडत नाही, गप्प होते. चार-चार दिवस. यावेळी ती माझ्यामुळे गप्प होईल, ही काळजी सोमवारपासून मनातून जात नाही.

माझी ही मुलगी मंगळवेढ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, तिथेच खोली घेऊन राहते आणि शनिवारी दुपारच्या एसटीने सोलापूरला येते. दोन वर्षांपूर्वी तिने मैत्रिणीकडून मॉन्स्टेराची एका पानाची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. दमट जंगलात झाडांवर चढणारा हा वेल. शेजारचे चनबसप्पा काका म्हणाले, "हितं माणूस वाळतंय बघ, हे कुटलं जगतंय?"

अंकिता म्हणाली, "काका, तुम्ही अठ्ठ्याहत्तर उन्हाळे काढलेत की. ह्याला एक तरी काढू द्या."

त्याने दोन काढले. काठीला काथ्या गुंडाळून तिने त्याला आधार केला. एप्रिल लागला की कुंडी गॅलरीतून आत, खिडकीपासून दोन हातांवर. दर शनिवारी चप्पल काढल्या काढल्या आधी पानं पुसायची, मग चहा. आज वेल माझ्या डोक्याच्या वर गेलाय, एकेक पान परातीएवढं. काका पाहुण्यांना तो स्वतः लावल्यासारखा दाखवतात. या रविवारी त्याची फांदी शाळेत न्यायची, असं तिने मुलींना सांगूनही ठेवलंय.

आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं. आलं की पिंपातलं शिळं पाणी काढायचं आणि फेकवत नाही म्हणून कुंड्यांना घालायचं. तुळस, जास्वंद, सगळ्यांनी ते पचवलं. मी मॉन्स्टेरालाही बादली ओतली. पानं पिवळी पडली, तेव्हा तहान लागली असेल म्हणून आणखी एक. कुंडीवर अंकिताने चिठ्ठी चिकटवली आहे: "आई, मातीत बोट घालून बघ. ओली असेल तर पाणी नको." मी बी.ए. झालेली बाई, ही चिठ्ठी रोज वाचत होते.

सोमवारी मातीला कुजका वास आला. बुंधा दाबला तर मऊ.

काकांनी मार्ग सुचवला, "उन्हानं गेलं म्हणून सांग. तिला काय कळतंय?"

मोह झाला, खोटं कशाला बोलू. तीन दिवस तेच वाक्य घोकत होते. पण उन्हाला तर तिने दोनदा हरवलंय. सगळी इमारत नाही म्हणत असताना. तिची ती कमाई मी उन्हाच्या नावावर कशी घालू?

वरच्या पेरांना फुटलेली मुळं अजून टणक आहेत, आताच हात लावून पाहिली. तेवढा भाग कापून नव्या मातीत लावला तर वेल जगेल. शनिवारपर्यंत थांबले तर कूज तिथवर चढेल. ती सातला शाळेत जाते. सकाळी सहाला फोन करणार आहे. आधी बादल्यांचं सांगेन, मग कुठून कापायचं ते विचारेन. गप्प झाली, तरी फोन ठेवणार नाही.