नागपंचमीचं फुरसं

रामघाटच्या सासरी मी नवी होते तेव्हा मी काहीही बोलले की सासूबाईंचं एकच उत्तर यायचं, "ते तुझ्या कोकणात. ही काशी आहे." आमटीत आमसूल घातलं, तरी कोकण. ओले केस घेऊन गच्चीवर उभी राहिले, तरी कोकण. घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं, सासूबाईंच्या मराठीत निम्मी हिंदी. पण सणवार मात्र माझ्या माहेरापेक्षा कडक. मी आतल्या आत धुमसायचे.

त्या नागपंचमीलाही चिरणं नाही, टोचणं नाही, चुलीवर तवा नाही. मी दिंडं उकडायला ठेवली होती. सासूबाई लाह्या-दुधाची वाटी घेऊन मागच्या अंगणात गेल्या होत्या. पायऱ्या दुरुस्त करायला मिर्झापूरकडून आणलेले दगड तिथे पडवीच्या छपराखाली रचले होते. त्या दगडांजवळ वाटी ठेवायची म्हणून त्या वाकल्या असणार.

तेवढ्यात मला आवाज आला. चर्रर्र! तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. आज तवा कुणी ठेवला म्हणून मी चुलीकडे पाहिलं आणि अंगावर काटा आला. हा आवाज माझ्या माहेरच्या सड्यावरचा, उघड्या कातळावरचा होता.

"आई, मागे व्हा!" म्हणत मी धावले, पण उशीर झाला होता. सासूबाई बोट घट्ट धरून उभ्या होत्या. दगडाच्या कडेला हातभरही नसेल असा मातकट साप वेटोळं करून अंगावर अंग घासत होता. बघता बघता तो दगडाखालच्या कोरड्या मातीत शिरला.

शेजारचे काका भिंतीवरून डोकावले. "अरे भौजी, ई त सँपोला ह. कुछ ना होई."

मामंजी मंत्र पुटपुटू लागले.

"पिल्लू नाही ते, फुरसं आहे," मी म्हणाले. "एवढंसंच असतं आणि माणूस मारतं. आधी इस्पितळात चला."

"कोकणातलं काही सांगू नकोस. इथे कुठलं फुरसं!" सासूबाई म्हणाल्या. "आणि आज सुई घेणार नाही मी. पंचमीचं टोचत नाहीत."

माझं डोकं फिरलं. "हे त्याला सांगा ना! त्यानं आधी टोचलंय!"

सुनेनं चढवलेला आवाज त्या घरानं पहिल्यांदाच ऐकला. नवरा माझ्या बाजूनं एक शब्द बोलला नाही, पण खुर्ची आणायला पळाला. त्या खुर्चीपायी मी त्याला पुढे बरंच काही माफ केलं.

खुर्चीत बसवून, हात हलू न देता, आम्ही सासूबाईंना गल्लीतून रस्त्याकडे नेलं. वाटेत एक सांड आडवा उभा. त्यालाही मी मराठीतूनच झापलं, आणि तो हलला. रस्त्यावर रिक्षा मिळाली.

इस्पितळात डॉक्टरांनी रक्त काचेच्या नळीत घेतलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि नळी तिरकी केली. गोठायला हवं होतं ते रक्त पाण्यासारखं वाहिलं. सासूबाईंच्या हिरड्यांतूनही रक्त येऊ लागलं होतं. ही बाई मला दिवसभर बोलायची; पण मला बोलायला तिनं जगायलाच हवं होतं. सापाच्या विषावरचं औषध सलाईनमधून सुरू झालं आणि मी खाटेला धरून उभी राहिले.

दिवेलागणीला पुन्हा नळी भरली. काही वेळानं डॉक्टरांनी ती तिरकी केली, मग सरळ उलटी केली. रक्त जागचं हललं नाही.

"जम गया," ते म्हणाले. मी भर वॉर्डात टाळ्या वाजवल्या.

पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "ई के हईं?"

सासूबाईंचा हात सुजून उशीवर पडला होता. त्यांनी नुसती मान उचलली आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं, "बहू है हमारी. कोंकण की है, कोंकण की!"