उत्तर सांगायचं नाही!

शिक्षकी पेशात दोन गोष्टी साठतात. पदरावरचा खडू आणि किस्से. खडू झटकला की जातो, किस्से काही जात नाहीत! पारनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेत शिक्षक दोनच, हेडगुरुजी आणि मी. त्यामुळे निम्मे किस्से त्यांचे, निम्मे माझे. आणि तिसरीतल्या चंद्रीचे दोघांच्या सामाईक मालकीचे.

मी नगरहून ट्रेनिंग करून नवीकोरी आलेली. तिथल्या मॅडमनी एकच गोष्ट डोक्यात भरली होती. गणिताचं उत्तर सांगायचं नाही, मुलांना काढू द्यायचं आणि विचारायचं, "कसं काढलंस?" त्या उत्साहात पहिल्याच दिवशी मी छडी खिडकीबाहेर फेकली.

दुसऱ्या दिवशी छडी टेबलावर हजर! धुऊन, तेल लावून.

"बाई, तुमची पडली हुती," चंद्री म्हणाली.

*

ते दुष्काळाचे दिवस. निम्मं गाव खडी फोडायच्या कामावर जायचं. मोजायला मुलं घरून चिंचोके आणायची.

एकदा म्हटलं, "बारातून पाच काढा. किती राहिले?"

"येकबी न्हाई!" चंद्री म्हणाली.

"कसं काढलंस?"

"पाच तुमी काडाया लावले. सात भाजल्याले हुते, ते खाल्ले."

वर्गाबरोबर मीही हसले. घरी जाताना मात्र ते सात चिंचोके डोक्यातून जाईनात.

*

एकदा वर्गाची लांबी वितीनं मोजायला सांगितली. तिघांची तीन उत्तरं! खरी वीत कुणाची? शेवटी पोरांनीच पंचायत बसवून निकाल दिला. शाळेत सगळ्यात मोठे हेडगुरुजी, म्हणून त्यांचीच वीत सरकारी!

गुरुजींना माझे हे 'खेळ' मुळीच पसंत नव्हते. तरी पोरांच्या आग्रहापुढे धोतर आवरून बिचारे जमिनीवर रांगायला लागले. आणि नेमके तपासणीचे साहेब दारात!

"गुरुजी, काही हरवलं का?"

गुरुजींनी मानसुद्धा वर केली नाही. "बोलू नका साहेब, एकोणतीस झाल्यात!"

*

हसण्यावारी चाललं होतं, तोवर एक दिवस चंद्रीचे वडील, तिचे आबा, आले. खडीच्या कामावरून तसेच, केसांत दगडाची धूळ.

"बाई, पोरीला आता घरी ठिवतो. तिसरी सरत आली, येक पाढा तोंडपाठ न्हाई. धाकटीला तरी सांबाळंल."

गणितात हिच्यासारखं डोकं अख्ख्या शाळेत नव्हतं, पण ते त्यांना कसं पटवायचं?

"ऐका तुमीच," ते म्हणाले. "चंद्रे, सात चोक?"

चंद्रीनं मान वर केली. नजर छताकडे, बोटं फ्रॉकवर हळूहळू हलतायत. वडिलांच्या पाठीमागून हेडगुरुजी ओठांनी "अठ्ठा... अठ्ठा..." करायला लागले! खेळ नापसंत असलेले आमचे गुरुजी! मी डोळे वटारले. खरं तर उत्तर माझ्याही जिभेवर येऊन बसलं होतं.

"अठ्ठावीस," चंद्री म्हणाली.

"येवढा येळ?"

मी विचारलं, "कसं काढलंस गं?"

"आमच्या आळीच्या सात जनी इहिरीवर जात्यात. येकीच्या चार खेपा. दोन दोन खेपांच्या झाल्या चौदा. आन परत चौदा."

वडील तिच्याकडे बघतच राहिले.

"म्हंजी पाठ न्हाई केलं. काडलं हिनं?"

"हो."

पटका सारखा करून ते निघून गेले.

*

दुसऱ्या दिवशी चंद्री आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हेडगुरुजी दोन्ही दिवस उगाचच दारात येऊन रस्ता बघून जात होते.

चौथ्या दिवशी ती आली. हातात फडक्याचं गाठोडं, त्याच्या वजनानं एका अंगाला वाकलेली. टेबलावर तिनं गाठ सोडली. आत खडे होते. चिंचोक्याएवढे, सगळे एकसारखे, कडा घासून गुळगुळीत केलेले.

"आबानी फोडले. दोन दिस घासत हुतो आमी दोगं. आबा म्हनले, हे काय पोरं खानार न्हाईत."

मी एक खडा उचलून तळहातावर घेतला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "किती आहेत गं?"

चंद्री आपल्या जागेवर जाऊन बसली.

"म्या न्हाई सांगनार, बाई. तुमीच काडा!"