गोटीवाले आप्पा

आप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दौंडच्या पोस्टात, रांगेत. माझ्या पुढे साठीचे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून लोखंडी नळीसारखं काहीतरी काढलं, डाव्या करंगळीत चढवलं आणि काखेतल्या छत्रीवरून ते वरखाली सरकवायला लागले. डोळे मिटलेले. रांग पुढे गेली तरी हे जागचे हलेनात. मी म्हटलं, "अहो, तुमचा नंबर आला." डोळे न उघडताच ते म्हणाले, "थांबा बाई, आत्ता कुठं सूर घावलाय."

हा मनुष्य थोडा सटकलेला असावा, अशी मी मनाशी नोंद केली. संध्याकाळी कळलं की मी नुकतीच भाड्याने घेतलेली खोली त्यांच्या घरापासून तिसरी होती.

यशवंत आप्पा मूळचे खुटबावचे. वडील मेंढरं राखायचे. आप्पा मात्र रेल्वेत लागले, आधी वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकायला आणि पुढे शेडमध्ये फिटर म्हणून. करंगळीतली ती नळी म्हणजे नट खोलायच्या पान्याची गोटी, सतरा नंबरची. सगळं दौंड त्यांना गोटीवाले आप्पाच म्हणायचं. त्यांच्या घरात एक गिटार होती, तशी मी कुठे पाहिली नव्हती. लाकूड फक्त मानेला, बाकी अंग सगळं धातूचं, आरशासारखं चकचकीत. पोटावर चाळणीसारखं भोकांचं झाकण आणि त्याच्या आत पातळ ॲल्युमिनियमची उपडी वाटी. तार छेडली की ती वाटी थरथरायची आणि आवाज गल्लीच्या टोकाला जायचा. "आमचे साहेब हिला रेझोनेटर म्हणायचे," आप्पा सांगायचे. "आमच्या हिच्या भाषेत, भांडं."

'ही' म्हणजे गोदाकाकी. आप्पा रोज सकाळी मऊ फडक्याने गिटार पुसत बसले की काकी आतून म्हणायच्या, "घरातली बाकीची भांडी बी पुसा म्हनावं कवातरी."

साहेब म्हणजे पीटरसाहेब, आप्पा ज्यांच्या इंजिनावर होते ते ड्रायव्हर. ड्युटी संपली की साहेब क्वार्टरच्या व्हरांड्यात गिटार वाजवत बसायचे आणि आप्पा पायरीवर बसून ऐकायचे. एक दिवस साहेबांनी ती आप्पांच्या मांडीवर ठेवली. पुढे साहेबांचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. जाताना ते म्हणाले, "तुझ्याकडे ठेव. आमच्यापैकी कोणी आलं तर दे." त्याला पंचवीस वर्षं झाली होती. साहेब तिकडेच वारल्याचंही कळलं होतं.

मी शाळेत मुलांना पेटीवर प्रार्थना शिकवायची, त्यामुळे मला सुरातलं थोडं कळतं अशी माझी समजूत होती. एकदा आप्पांनी त्या गिटारीवर धनगरी ओवीतला हेल काढला. लांबच लांब, माळावरून कोणी हाक मारावी तसा. मी घरी येऊन तो पेटीवर बसवायला गेले, पण बसेना. आप्पांना सांगितलं तर ते हसले. "पेटीला पायऱ्या असत्यात बाई. ह्याला उतार लागतो. शिकता का?"

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी शिकायला बसले. पहिल्या दिवशी त्यांनी तारा अशा लावल्या की बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी सूर एकमेकांत मिसळावेत. मग गोटी माझ्या करंगळीत घातली आणि मी तारेवर दाबली. खर्रकन आवाज झाला.

"दाबू नका! मेंढराला काठी टेकवायची आस्ती, हानायची नस्ती."

दुसरा धडा जागेचा. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमध्ये बोट ठेवायची सवय गिटारवाल्यांना असते. गोटी मात्र पट्टीच्या बरोबर डोक्यावर थांबली पाहिजे. "मागं ऱ्हायला तर सूर खाली, फुडं गेला तर वर. गाडी फलाटाला लागली पायजे, फलाटाच्या आलीकडं लोकांनी उड्या मारायच्या का?" तिसरा धडा गोटीमागच्या बोटांचा. ती तारेवर अलगद टेकवायची, नाहीतर मागची तार उगाच कुरकुरते. "गाडी गेली की रूळ गप झालं पायजेत."

महिनाभर एकच तार, एकच सूर. काकी म्हणायच्या, "मांजर कोंडल्यागत वाटतंय." आप्पा म्हणायचे, "वाटू दे. कोंडलेलं मांजर बी एक दिस दार शोधतंय." दोन वर्षांनी मला एक साधी चाल नीट वाजवता यायला लागली. त्या दिवशी आप्पांनी मला शाबासकी दिली नाही, जिलेबी मात्र आणली.

मग एका हिवाळ्यात मार्गारेटबाई आल्या. पीटरसाहेबांची मुलगी, चाळिशीला टेकलेली. जुनं क्वार्टर आणि चर्च पाहायला आलेल्या. वडिलांच्या हाताखालचं कोणी भेटेल का, असं विचारत त्या आप्पांच्या घरी पोचल्या. त्या मराठी विसरलेल्या, आप्पांना इंग्रजी रेल्वेपुरती, म्हणून मला मध्ये बसवलं. चहा झाला, जुन्या आठवणी झाल्या. त्यांनी गिटारीचं नावही काढलं नाही. लहान होत्या तेव्हा गेल्या होत्या, त्यांना वाटत होतं ती केव्हाच विकली असेल.

आप्पा उठून आत जायला निघाले. मला अंदाज आला. मी हळूच मराठीत म्हटलं, "आप्पा, त्यांना माहीतच नाहीये. कशाला बाहेर काढता?"

आप्पा दारातच थांबले. "त्यांना न्हाई बाई. मला हाय न्हवं?"

गिटार बाहेर आली. मार्गारेटबाईंनी तिच्यावर हात ठेवला. आप्पा मला म्हणाले, "सांगा त्यांला, तुमच्या वडलांची हाय, घिऊन जावा." खरं सांगते, क्षणभर मनात आलं की काहीतरी वेगळंच भाषांतर करावं. पण आप्पा माझ्याकडेच पाहत होते. मी जसंच्या तसं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मला वाजवता येत नाही. पण दिवाणखान्यात भिंतीवर लावीन."

मी ते सांगितलं मात्र, आप्पांचा चेहराच उतरला. द्यायला त्यांना काही वाटलं नव्हतं, पण भिंतीचं ऐकून ते कासावीस झाले. "भितीवर? खुट्टीला? मग म्हनावं तीन दिस थांबा."

आणि त्या थांबल्या! तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, ऑस्ट्रेलियाची बाई दौंडच्या गल्लीत घोंगडीवर बसून शिकत होती. आप्पांनी मला भाषांतर करू दिलं नाही. "मॅडम, नो प्रेस. ओन्ली टच." "मॅडम, स्लो. सिग्नल यल्लो." तिसऱ्या दिवशी एक सूर अगदी स्वच्छ लागला, थोडा थरथरला आणि थांबला. मार्गारेटबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, व्हरांड्यातून अगदी असाच आवाज यायचा. काकी आतून पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसल्या.

काकींच्या गोधडीत गुंडाळून गिटार गाडीत चढली. गोटीही आप्पांनी बरोबर देऊन टाकली. गाडी गेल्यावर मी त्यांच्यावर चिडले. "आता तुम्ही काय वाजवणार?" ते म्हणाले, "बगू. हात काय त्यांनी न्हेलं न्हाईत."

पुढच्या आठवड्यात त्यांनी तेलाचा जुना डबा कापायला घेतला. सुताराकडून सागाची मान करून आणली. आतल्या वाटीसाठी काकींची ॲल्युमिनियमची झाकणं ठोकून पातळ केली, त्यातली दोन फाटली. पहिली गिटार पत्र्यावर गारा पडल्यासारखी वाजली. दुसरीची मान वाकली. तिसरी वाजली, जरा घोगरी, पण खरी.

तोवर माझी बदली शिरूर तालुक्यात निमोण्याला झाली होती. एका रविवारी आप्पा एसटीने आले, ती तिसरी गिटार मांडीवर घेऊन. कंडक्टरने विचारलं होतं म्हणे, "आबा, फवारणीचा पंप मागं ठेवता का?" माझ्या हातात गिटार आणि एक नवी गोटी देऊन ते म्हणाले, "माझी चौथी झालीय. ही तुमची. भितीवर लावली तर माघारी घिऊन जाईन." जेवले आणि पाचच्या गाडीने परत गेले.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात आप्पा गेले. चार दिवसांचा ताप आणि संपलं. त्यांना गावी नेलं होतं, म्हणून मी खुटबावला गेले ते तिसरी गिटार घेऊन. का नेली, माझं मलाच सांगता आलं नसतं. अंगणात माणसं बसली होती. काकी जवळ येऊन म्हणाल्या, "आणलीय तर वाजवा की. गप बसून त्यांला काय करमनार?"

मी तो ओवीतला हेल वाजवायला घेतला. वर जाणाऱ्या सुरावर पोचले आणि लगेच खाली यायला निघाले. काकींनी माझ्या मनगटाला हात लावला.

"घाई करताय बाई. ते हितं दम धरायचे. लई येळ. मी आतनं मोजायची."

मी पुन्हा वर गेले आणि थांबले. काकींनी डोळे मिटले होते, त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी मान हलवली, तेव्हाच मी खाली आले.