देठातलं दूध

तिला सगळे चिमटी म्हणायचे. रानभाजीचा एकेक शेंडा बोटांच्या चिमटीत धरायचा आणि कट्कन मोडायचा, हा तिचा तीस वर्षांचा धंदा. अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं जाड आणि काळं झालेलं. स्वभावही त्या नखासारखाच.

धाकट्या जावेशी तिचं बारा महिने वाकडं. धाकटी मुठी भरून मुळासकट उपटायची. चिमटीची टोपली अर्धी भरेस्तोवर तिच्या दोन भरलेल्या.

त्या सकाळी बाजारात शेजारी बसताना चिमटीची नजर धाकटीच्या टोपलीत गेली. तिनं एक देठ उचलून मोडला. पांढरं दूध टपकलं. पानं हुबेहूब भाजीची, पण ही दुधाळी. खाणाऱ्याला दोन दिवस ओकाऱ्या आणि जुलाब. मोडल्याशिवाय कळत नाही, आणि उपटणारी मोडतेय कशाला? उद्या कुणी आजारी पडलं, की रानातल्या पाल्याला कुत्रं विचारणार नव्हतं.

हळूच सांगणं चिमटीला कधी जमलंच नाही. तिनं अख्खी टोपली गटारात उपडी केली.

"भवाने! माझा माल!"

"माल कसला, जुलाब आहे जुलाब!"

"जळतेस माझ्यावर! तुझं दुपारपर्यंत खपत नाही म्हणून!"

"जळण्यासारखं आहे काय तुझ्यात? हे बघ दूध!"

रोज दोघींकडून भाजी नेणारी खाणावळवाली तिथंच उभी होती. तिनं दूध पाहिलं आणि पिशवीची घडी घातली.

"आज नकोच. दोघींचीही."

"माझी मोडून बघा की! एकेक मोडा!" चिमटी तिच्या मागे धावली.

"मला तेवढाच उद्योग आहे का? तुम्ही मोडून आणा. कुणाच्याही टोपलीत एक देठ दुधाचा निघाला, तर दोघींना दार बंद."

तीस वर्षांची नखं, आणि शेवटी त्या उपटणारीच्या दावणीला बांधली गेली.

दुसऱ्या दिवशी रानातल्या उतारावर वर चिमटी, खाली धाकटी. धाकटी एक देठ मोडायची आणि थोरलीला एक शिवी हासडायची. देठ, शिवी. देठ, शिवी. चिमटी मान वर न करता ऐकत होती. मधेच शिव्या थांबल्या.

"अगं ए रांडे," चिमटी वरून कडाडली, "उपटायला लागलीस ना परत?"

खालून लगेच शिवी आली. चिमटीनं पुढचा शेंडा मोडला.